जिथून उठून जाता येतं

मला खुली बाजारपेठ आवडते. हे आधीच सांगून टाकते कारण गोव्यात असं काही बोललं की लोकांना वाटतं ही बाई गरिबांच्या विरोधात आहे, किंवा हिला शाळा-हॉस्पिटलं सगळी विकून टाकायचीयत. मला काहीही विकायचं नाहीय. म्हापशात माझं लहानसं ऑफिस आहे, लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरते, दुकानदारांचं जीएसटीचं बघते, दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांचे आकडे डोळ्यांसमोरून जातात आणि हे काम करता करता एक गोष्ट मनात घट्ट बसलीय, की माणसाला जिथून उठून दुसरीकडे जाता येतं तिथे त्याला मान मिळतो, आणि जिथून जाता येत नाही तिथे त्याला कोणी विचारत नाही. शाळा, दवाखाना, टॅक्स, या तिन्हीबद्दल माझं जे काही मत आहे ते शेवटी इथूनच निघतं.

हे विचार घरात आले ते आईच्या माहेरून. माझे मामा सांगलीकडचे, शेतकरी संघटनेचे, शर्टावर लाल बिल्ला लावून फिरणारे, शरद जोशींची सभा जवळपास कुठेही असली की हातातलं काम टाकून जाणारे. मे महिन्यात ते आमच्याकडे पेडण्याला यायचे आणि रात्री जेवणं झाली की पडवीत त्यांचा आणि बाबांचा वाद सुरू व्हायचा. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ. मामांचं म्हणणं साधं होतं, सरकारने निर्यात बंद करून कांद्याचे भाव पाडायचे, शेतकऱ्याला लुटायचं, आणि मग त्यालाच सबसिडीचा तुकडा टाकून उपकार दाखवायचे, त्यापेक्षा तुम्ही मधून बाजूला व्हा, आमचा माल आम्ही विकतो. बाबा सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मास्तर. मामा त्यांना म्हणायचे, "दाजी, आधी तुमचा पगार कोण देतं ते सांगा." आणि बाबा शांतपणे सांगायचे, सरकार देतं म्हणून तर वाड्यावरची सगळी पोरं माझ्यासमोर बसतात, फी घेऊन शिकवायचं ठरवलं तर उद्या अर्धा वर्ग रिकामा. मी दोघांचं ऐकत मोठी झाले आणि मला अजून दोघांचं पटतं, फक्त कुठे कोणाचं, हे ठरवायला बरीच वर्षं गेली.

शाळेपासून सुरवात करते, कारण तिथे माझा जीव जास्त अडकलाय.

मुक्तीच्या आधी पोर्तुगीज सरकारला मराठी शाळांशी फारसं घेणंदेणं नव्हतं. तरी शाळा होत्या. गावोगावी शेणवीमाम असायचा, कोणाच्या तरी पडवीत नाहीतर देवळाच्या अग्रशाळेत पोरं जमवायचा, अक्षरं गिरवून घ्यायचा, उजळणी पाठ करून घ्यायचा आणि लोक त्याला भात, नारळ, थोडे पैसे असं जमेल तसं द्यायचे. १९०८ मध्ये पणजीत मुष्टिफंड संस्था उभी राहिली ती घराघरांतून मूठमूठ तांदूळ गोळा करून, म्हणजे बायकांनी रोजचा भात शिजत घालताना एक मूठ शाळेसाठी बाजूला काढून ठेवायची. १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं, इथल्या हिंदूंना जरा मोकळा श्वास मिळाला आणि मग फोंडा, मडगाव, जिथे तिथे लोकांनीच संस्था काढल्या. कोणा सरकारने सांगितलं नव्हतं, कोणी ग्रँट दिली नव्हती. लोकांना आपल्या पोरांनी शिकावं असं वाटलं, त्यांनी शाळा उभी केली. सरकारशिवाय शिक्षण होऊच शकत नाही असं कोणी म्हटलं की मी मुष्टिफंडाचं नाव घेते.

पण माझी आजी त्यातल्या कुठल्याच शाळेत गेली नाही. तिच्या वाड्यावरचं कोणीच गेलं नाही. शेणवीमामाच्या पडवीत कोणी बसायचं आणि कोणी लांबून ऐकायचं हे ठरलेलं होतं आणि ते फक्त पैशांवरून ठरलेलं नव्हतं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं आणि त्या माणसाने, स्वतः खाणमालक असून, गावागावांत, वाड्यावाड्यांवर प्राथमिक शाळा काढल्या. बाबा त्यातल्याच एका शाळेत शिकले, घरातला पहिला शिकलेला माणूस, आणि पुढे तिथेच मास्तर झाले. म्हणून खुल्या बाजाराबद्दल मी कितीही वाचलं तरी एक गोष्ट मला कोणी विसरायला लावू शकत नाही, की आमच्या घरात अक्षर आलं ते बाजाराने आणलेलं नाही, सरकारने आणलं, टॅक्सच्या पैशांतून आणलं. मिल्टन फ्रीडमन या खुल्या बाजाराच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानेही १९५५ मध्ये जेव्हा शाळेच्या व्हाउचरची कल्पना मांडली तेव्हा सरकारने पैसेच देऊ नयेत असं म्हटलं नव्हतं. त्याचं म्हणणं होतं पैसे सरकारने द्यावेत पण शाळा सरकारनेच चालवायला पाहिजे असं नाही, पैसे मुलाच्या मागून जाऊ देत, पालक जिथे घालेल तिथे. आमच्याकडे त्याच्या नावाने बोटं मोडणारे बरेच जण हा भाग वाचतच नाहीत.

आणि गंमत म्हणजे गोव्यातल्या हायस्कुलांचं बरंचसं असंच चाललंय. बहुतेक हायस्कुलं संस्थांची, चर्चची, मंडळांची, आणि शिक्षकांचा पगार सरकारचा. कोणी त्याला खासगीकरण म्हणत नाही, अनुदानित म्हणतात आणि समाधानाने पोरांना पाठवतात. अडलंय ते प्राथमिकला.

बाबा रिटायर व्हायच्या आधी शेवटची काही वर्षं ज्या शाळेत होते ती मी जवळून बघितलीय. पहिली ते चौथी, सगळ्यांना मिळून एकच शिक्षक, म्हणजे बाबाच. फळ्याचे खडूने दोन भाग केलेले, डावीकडे दुसरीची गणितं, उजवीकडे चौथीची, पहिलीवाल्यांना पाटीवर गिरवायला दिलेलं आणि तिसरीवाले मोठ्याने कविता म्हणतायत. हजेरीपटावर नावं अर्ध्या पानात संपायची. माध्यान्ह आहाराची भाजीपावाची पिशवी आली की बाबा शिकवायचं थांबवून वाढायला उभे राहायचे, मग जनगणनेचं काम, निवडणुकीच्या याद्या, वर कसले कसले फॉर्म. इमारत चांगली होती, नवे बाक आले होते, रंग दिलेला होता. पोरं नव्हती. रोज सकाळी शाळेच्या समोरूनच पिवळी बालरथ बस जायची, अनुदानित शाळेची, आणि वाड्यावरची पोरं टाय लावून त्यात चढायची. ती बसही सरकारच्याच पैशांची, ड्रायव्हरचा पगारही सरकारच्याच पैशांचा. म्हणजे पालकांनी उठून दुसरीकडे जायचं ठरवलं आणि सरकारने त्यांना जायला गाडी पण दिली, पण सोडून गेलेल्या शाळेत मात्र काय चुकलं हे कोणी कोणाला विचारलं नाही. पोरं गेली तरी शाळेचा खर्च तसाच येत राहिला. दुकानातलं गिऱ्हाईक तुटलं तर दुकानदाराला रात्री झोप लागत नाही. इथे झोप उडाली ती फक्त बाबांची, आणि त्यांच्या हातात काहीच नव्हतं, ना आणखी एक शिक्षक मागता येत होता ना वेळापत्रक बदलता येत होतं. पुढे ती शाळा शेजारच्या शाळेत विलीन झाली.

मी मराठीत शिकले, मराठीत विचार करते आणि गोव्यात मराठी शाळा टिकावी असं मला फार मनापासून वाटतं. म्हणून माध्यमाच्या वादात माझी ओढाताण होते. १९९० मध्ये शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना ठरलं की प्राथमिकला ग्रँट फक्त मराठी-कोकणीसारख्या भाषांतल्या शाळांनाच. चर्चच्या शाळांनी ग्रँट टिकावी म्हणून इंग्रजी सोडून कोकणी केलं. २०११ मध्ये दिगंबर कामतांच्या सरकारने इंग्रजी प्राथमिकलाही ग्रँट द्यायचं ठरवलं आणि रस्त्यावर जे रामायण झालं ते सगळ्यांच्या लक्षात असेल. २०१२ मध्ये सरकार बदललं तरी ती ग्रँट थांबली नाही, आणि २०१६ पर्यंत त्याच्यावरून संघाचे लोक आणि भाजप एकमेकांसमोर उभे राहिले. त्या सगळ्या वादात मला एक गोष्ट कायम खटकली, की दोन्ही बाजू पालकाबद्दल बोलत होत्या आणि दोन्ही बाजूंना पालकाने काय निवडावं हे आधीच माहीत होतं. ज्याच्याकडे पैसे आहेत तो विनाअनुदानित इंग्रजी शाळेत फी भरून घालतोच, त्याला कोणी अडवत नाही. भाषा वाचवायचं ओझं गवंड्याच्या आणि मोलकरणीच्या पोरावर. हे मला मराठीवर कितीही प्रेम असलं तरी पटत नाही. आणि आमच्या भागात अशीही मराठी शाळा आहे, संस्थेची, जिथे प्रवेशाला जूनच्या कितीतरी आधी जाऊन नाव घालावं लागतं. माध्यम मराठीच. फरक एवढाच की तिथल्या मुख्याध्यापिकेला माहीत आहे, यंदा नीट शिकवलं नाही तर पुढच्या वर्षी पालक येणार नाहीत, आणि तिला तिथे बदल करायची मुभा पण आहे.

मग सगळीकडे व्हाउचर द्या आणि मोकळे व्हा, असं मी म्हणत नाही. चिलीने १९८१ मध्ये हे देशभर करून बघितलं, पैसे मुलाच्या मागे, पण शाळांना मुलं निवडायची परवानगी होती आणि पुढे वरून फी घ्यायची पण मिळाली, मग व्हायचं तेच झालं, शाळांनी हुशार आणि पैसेवाली पोरं उचलली आणि बाकीची सरकारी शाळेत उरली. तिथली पोरंच रस्त्यावर उतरली, २००६ मध्ये आणि परत २०११ मध्ये, आणि २०१५ मध्ये कायदा करून सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांचा नफा, निवड आणि वरची फी बंद करायचं ठरलं. स्वीडनने १९९२ पासून व्हाउचर दिलं, ते अजून चालू आहे, पण २०१३ मध्ये तिथली एक मोठी खासगी शाळा-कंपनी बुडाली आणि हजारो मुलं मधल्यामध्ये अडकली. हे वाचून माझं मत एवढंच झालं की पैसे मुलाच्या मागे जाऊ देत, पण शाळेला मूल नाकारता येऊ नये, आणि वरून एक रुपया मागता येऊ नये. निवडायचं ते पालकाने. शाळाच मुलं निवडायला लागली की तो बाजार पालकाचा राहत नाही.

दवाखान्याचं मात्र वेगळं आहे आणि इथे मला मामांपेक्षा बाबा जास्त पटतात.

सासूबाईंना एका रात्री अचानक श्वास लागला. जवळ होतं ते खासगी हॉस्पिटल, तिथेच नेलं. आत गेल्या गेल्या माझ्यासमोर कागद आले, इथे सही करा, इथे करा, डिपॉझिट भरा, ही टेस्ट लागेल, ती लागेल. मी दिवसभर लोकांना सांगते की न वाचता सही करू नका, आणि तिथे मी एकही कागद वाचला नाही, समोर माणूस घुसमटत असताना कोण वाचणार. दुसऱ्या हॉस्पिटलचा रेट विचारू का, थांबा जरा, असं म्हणता येत नाही. सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या, डॉक्टरने कामही चांगलं केलं. नंतर मी बिल घेऊन बसले. माझ्या कामात औषधांच्या दुकानांची खरेदीची बिलं येतात, त्यामुळे एखादं इंजेक्शन दुकानदाराला केवढ्याला पडतं आणि त्याच्यावर छापील एमआरपी काय असते हे मला माहीत असतं, कधी कधी तो आकडा इतक्या पटीने मोठा असतो की पहिल्यांदा बघणाऱ्याला टायपिंगची चूक वाटेल. बिलात सगळं एमआरपीने होतं, आणि आतल्याच फार्मसीतून घ्यायची सक्ती. बेकायदेशीर काही म्हणता येणार नाही. पण त्याला बाजार म्हणायला माझी जीभ वळत नाही. बाजारात गिऱ्हाईक उठून जाऊ शकतं.

केनेथ ॲरो नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच हे नीट मांडून ठेवलंय, की आजार कधी येईल हे माहीत नसतं, आला की काय घ्यायचं हे घेणाऱ्याला कळत नाही, विकणाऱ्यालाच कळतं, त्यामुळे बाकीच्या मालाचे नियम इथे तसेच्या तसे लागत नाहीत. तो बाजाराच्या विरोधातला माणूस नव्हता, बाजार कधी नीट चालतो याचं गणित मांडणाऱ्यांतला होता. म्हणून मला त्याचं जास्त पटतं.

म्हणून मला बांबोळीचं जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज हवंय, सरकारी, मोठं, गर्दीचं. १८४२ मध्ये पणजीत पोर्तुगिजांनी वैद्यकीय शाळा काढली, तिची ही परंपरा. गेली काही वर्षं अशी सोय आहे की छातीत दुखणारा माणूस गावच्या आरोग्य केंद्रात गेला की ईसीजी काढून तो ईसीजी बांबोळीला पाठवतात आणि बांबोळीच्या डॉक्टरने सांगितलं की रक्ताची गाठ विरघळवायचं महागडं इंजेक्शन केंद्रातच फुकट देतात. सत्तरी तालुक्यातल्या कुठल्या तरी वाड्यावरच्या कामगारासाठी कुठली खासगी कंपनी हे करून ठेवणार होती, तिला परवडणारच नाही. आणि १०८ ची गाडी बघा, पैसे सरकारचे, चालवणारी संस्था बाहेरची, करार करून. ते मला चालतं, कारण तिथे काम नीट झालं नाही तर करार काढून घेता येतो. उठून जायची सोय पेशंटला नसली तरी सरकारला आहे.

दुसऱ्या बाजूने, मोतीबिंदू, गुडघा, रक्ताच्या तपासण्या, दातांचं काम, जे आठ दिवस थांबू शकतं, तिथे रेट बाहेर बोर्डावर लावून खुशाल स्पर्धा होऊ दे, तिथे माणूस चौकशी करून निवडतो आणि भाव खाली येतात. २०१६ ची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, तीन माणसांपर्यंतच्या घराला अडीच लाख आणि मोठ्या घराला चार लाखांपर्यंतचं कवच, हे अशा ठरवून करायच्या कामांना चांगलं आहे, कारण कार्ड घेऊन माणूस या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात जाऊ शकतो.

स्टेंट, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात ती जाळी, तिच्या भावाबद्दल मी बरेच दिवस अडखळत होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटला किमतीची मर्यादा घातली, औषध लावलेला स्टेंट २९,६०० रुपये, साधा ७,२६० रुपये, त्याआधी औषधवाला स्टेंट लाखाच्या वरही जायचा. किंमत ठरवून दिली की माल गायब होतो हे मामांनी मला कांद्यावरून शिकवलेलं, आणि तसं थोडं झालंही, काही परदेशी कंपन्यांनी आपले नवे स्टेंट मागे घ्यायची परवानगी मागितली. तरी मी त्या मर्यादेच्या बाजूने आहे. कांदा महाग झाला तर मी आठवडाभर कांदा खाणार नाही. ऑपरेशन टेबलावर पडलेला माणूस असं म्हणू शकत नाही. देशात एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, म्हणजे दिशा बरी आहे. पण ३९ टक्के म्हणजे अजून कितीतरी घरांत दागिने मोडले जातायत, हे मी रिटर्न भरताना बघते, लोक येऊन सांगतात.

आणि याच दवाखान्यावरून आपल्याकडे टॅक्सचा जो वाद झाला तो मला कायमचा लक्षात राहिलाय. २०१८ च्या सुरवातीला जीएमसीत गोव्याबाहेरच्या पेशंटकडून फी घ्यायला लागले आणि दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. पलीकडे सिंधुदुर्गातल्या लोकांना बांबोळी हेच मोठं हॉस्पिटल, पिढ्यान्‌पिढ्या. आमच्या अर्ध्या सोयरिकी त्या बाजूच्या, त्यामुळे घराघरात हीच चर्चा. इकडचे लोक म्हणत होते, आमच्या टॅक्सच्या पैशांचं हॉस्पिटल, त्यांनी फुकट का वापरावं. मी मूळ तत्त्व मानते, जो भरतो त्याचा हक्क पहिला. पण खरंच कोण भरतं ते बघा. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीचे हजारो पोरगे रोज मोटरसायकलवरून इकडे कामाला येतात, कारखान्यांत, हॉटेलांत, बांधकामावर. पेट्रोल इकडे स्वस्त म्हणून टाकी इकडेच भरतात, त्यातला व्हॅट गोव्याचा. दुपारी जेवतात, मोबाईल घेतात, चप्पल घेतात, त्यातला राज्याचा जीएसटी गोव्याचा. ते भरत होते. इतकी वर्षं भरत होते. फक्त त्यांना ते माहीत नव्हतं आणि आम्हाला पण माहीत नव्हतं, कारण तो टॅक्स कुठे दिसतच नाही. दिसला असता तर त्या आंदोलनात त्यांना हात जोडायची गरज नव्हती, ते हिशेब मागू शकले असते.

टॅक्स दिसला पाहिजे, हे मी जिथे बोलायला मिळेल तिथे बोलते. २०१२ मध्ये पर्रीकर सरकारने एप्रिलच्या सुरवातीला पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला, ०.१ टक्के ठेवला, आणि लिटरमागे सुमारे ११ रुपये उतरले. त्या दिवशी गोव्यातल्या प्रत्येक माणसाला कळलं की आपण रोज सरकारला किती देत होतो, रिक्षावाल्याला कळलं, मासेविक्रीणीला कळलं. कुठल्याही अर्थशास्त्राच्या वर्गात हे इतकं चांगलं शिकवून झालं नसतं. पुढे त्याच वर्षी खाणी बंद पडल्या, सरकारचा मोठा महसूल गेला, आणि व्हॅट हळूहळू परत चढत गेला, थोडा थोडा करून, त्यामुळे परत चढला तेव्हा तो कोणाला दिसला नाही. खाणींवरून आठवलं, जमिनीखालचं खनिज सगळ्यांचं, ते विकून आलेला पैसा म्हणजे चालू कमाई नव्हे, ते घर विकल्यासारखं आहे, आणि २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने विक्रीच्या १० टक्के कायम निधीत टाकायला सांगितले तेव्हा मला खरंच आनंद झाला होता.

खुल्या बाजारवाल्यांतले बरेच जण म्हणतात टॅक्स कमी करा. मी म्हणते आधी दाखवा, मग कमी-जास्त लोक ठरवतील. फ्रीडमनच दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ट्रेझरीत असताना पगारातून आधीच टॅक्स कापून घ्यायच्या पद्धतीवर काम करत होता, आपल्याकडच्या टीडीएससारखं, आणि नंतर त्याला त्याचं वाईट वाटलं, कारण हातात येण्याआधीच पैसे गेले की माणसाला ते गेले असं वाटतच नाही आणि सरकार वाढत जातं. माझे पगारदार क्लायंट असेच आहेत, वर्षाला किती टॅक्स गेला विचारलं तर त्यांना सांगता येत नाही. आता नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत उत्पन्नाला टॅक्सच नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांना त्याने दिलासा मिळाला आणि मला त्यांच्यासाठी बरं वाटतं. पण त्यामुळे आपण टॅक्स भरत नाही असंच त्यांना वाटणार, आणि साबणात, पेट्रोलमध्ये, मोबाईलच्या रिचार्जमध्ये ते भरतच राहणार. सप्टेंबर २०२५ मध्ये साबण-टूथपेस्टवरचा जीएसटी १८ चा ५ झाला, स्वतः काढलेल्या हेल्थ इन्शुरन्सवरचा पूर्ण गेला, हे चांगलंच झालं, तरी किती लोकांनी बिल उलटून बघितलं?

गोव्यात टॅक्सची एक गोष्ट मात्र अशी आहे जी बाकी देशात फारशी कोणाला माहीत नसते. आमच्याकडे पोर्तुगीज नागरी कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता अर्धी अर्धी, म्हणून १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यात कलम ५ए घातलं गेलं, त्याप्रमाणे पगार सोडून बाकीचं उत्पन्न, धंद्याचा नफा, भाडं, व्याज, दोघांत सारखं वाटून दोघांनी वेगवेगळं रिटर्न भरायचं. बहुतेक घरांत काय होतं, नवरा सगळे कागद आणतो आणि बायको फक्त सही करते, किंवा ओटीपी फोनवर सांगते. मी माझ्या ऑफिसात नियम केलाय, बायकोने स्वतः यायचं.

मागच्या रिटर्नच्या वेळी बार्देशातल्या एका गावातून एक वहिनी आल्या. नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान, धंदा बरा. मी त्यांच्यासमोर कॉम्प्युटर फिरवला आणि त्यांच्या वाट्याचा नफा आणि त्यावरचा टॅक्स दाखवला. त्या बराच वेळ आकड्याकडे बघत राहिल्या, बोट ठेवून शून्यं मोजली. म्हणाल्या, "मॅडम, इतलो टॅक्स म्हज्या नांवार?" मी म्हटलं हो, तुमचाच, अर्धा धंदा तुमचा आहे कायद्याने. मग लगेच दुसरा प्रश्न, "मागीर हातूंतलो शाळेक कितलो वता?" म्हणजे यातला शाळेला किती जातो? त्यांच्या वाड्यावरची सरकारी शाळा आता मोजक्या पोरांवर आलीय, त्यांच्या जावेचा मुलगा तिथे जातो, त्यांचा स्वतःचा बालरथमधून. त्यांना दोन्ही शाळा माहीत होत्या आणि त्यांना नेमकं विचारायचं होतं की त्या शाळेवर एका पोरामागे किती खर्च होतो आणि या शाळेवर किती. मला उत्तर देता आलं नाही. इन्कम टॅक्स केंद्राचा, शाळा राज्याची, मधे वाटप, बजेटमध्ये खात्याचा एकत्र आकडा मिळतो, वाड्यावरच्या एका शाळेचा मिळत नाही.

त्यांच्याच उत्पन्नाला आता नव्या मर्यादेत टॅक्स शून्य येईल. मी ते सांगितलं तर म्हणाल्या, म्हणजे मला विचारता येणार नाही? मी म्हटलं येणार, तुमच्या दुकानातल्या प्रत्येक बिलात तुमचा टॅक्स आहे, घरच्या सामानात आहे, स्कूटरच्या टाकीत आहे, आणि माहिती विचारायला टॅक्स भरल्याचा पुरावा लागतच नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज मी टाइप करून दिला, भाग शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाने, दोन्ही शाळांबद्दल तेच तीन प्रश्न, पटावर मुलं किती, शिक्षक किती, गेल्या वर्षी एकूण खर्च किती. सही त्यांनी स्वतः केली, पूर्ण नाव, सावकाश. पुढच्या रविवारच्या ग्रामसभेत हेच प्रश्न लेखी द्यायचे म्हणून त्यांनी माझ्याकडून आणखी प्रती काढून घेतल्या, एक जावेला, बाकी शेजारणींना.